टीबीच निघू दे

टीबी नको रे देवा, असं म्हणणारी माणसं मी उभ्या नोकरीत रोज पाहिली. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून ती तेच पुटपुटायची आणि मी आत त्यांचीच थुंकी काचेवर पसरत असायचो. टीबीच निघू दे, असा नवस बोललेली बाई मात्र एकच पाहिली. तिची गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितली नाही, कारण तिच्यात माझाच गाढवपणा आहे. आता वय झालं, आता लाज कुणाची बाळगायची.

मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मुंबईकडच्या नव्हे, आमच्या नेवाशाकडच्या बेलापूरजवळच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात मी लॅबोरेटरी सांभाळत होतो. सांभाळत होतो म्हणजे तिथे मी एकटाच होतो; साहेब मीच, कारकून मीच आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणाराही मीच. वॉर्डातली एक मावशी तेवढी काचसामान धुवायला यायची. दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसं अजून खोकत येत होती. थुंकी पसरा, ज्योतीवर धरा, रंग चढवा, धुवा, आणि मग एक डोळा मिटून निळ्यात लाल काड्या शोधत बसा. संध्याकाळी घरी गेलो तरी भिंतीवर मला लाल काड्याच दिसायच्या. लोक मला 'थुकीवालं भाऊसाहेब' म्हणायचे आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

आमचे डॉक्टर तरुण होते, हुशार होते, आणि हुशार माणसाच्या हाताखाली काम करणं काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. एकदा ते पुण्याहून आपल्या गुरुजींकडून टाइप केलेले चार कागद घेऊन आले. छातीत पाणी झालं की ते कशामुळे झालं हे ओळखणं तेव्हा महाकठीण होतं. टीबीचं पाणी असलं तरी त्यात जंतू सहसा सापडत नाहीत. जंतू वाढवून बघायचे तर बाटली पुण्याला पाठवा आणि दीड-दोन महिने वाट बघा. त्या कागदात नवीच युक्ती होती. टीबीच्या पाण्यात म्हणे एक एन्झाइम वाढलेलं असतं. त्याला एक ठरावीक पूड दिली की ते तिच्यातून अमोनिया सोडतं, आणि त्या अमोनियात दोन औषधं घातली की निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका टीबीचा संशय पक्का. रंग मोजायचं यंत्र आमच्याकडे होतंच. डॉक्टर हौसेने सांगत होते आणि मी मनात म्हणत होतो, घ्या, आता हेही आलं माझ्याच बोडक्यावर.

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली. अमोनिया म्हणजे मुतारीत नाकाला झोंबतो तोच. नळ्या अगदी निर्मळ हव्यात, वापरायच्या आधी शुद्ध पाण्याने तीनदा खंगाळायच्या, आणि लघवीच्या बाटल्या त्या टेबलाच्या आसपास फिरकू द्यायच्या नाहीत. मी मान डोलावली. लघवीच्या बाटल्या उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. दोन-तीन महिने काम ठीक चाललं. पक्क्या टीबीच्या पाण्यात निळं यायचं, हृदय थकून सुजलेल्या माणसाच्या पाण्यात यायचं नाही. मलाही जरा बरं वाटायला लागलं होतं, खोटं का बोला.

नवरात्रात घोडेगावचा एक हेडी दवाखान्यात आला. हेडी म्हणजे बैलांचे सौदे जुळवणारा. पन्नाशीचा, अंगाने थोराड, डोक्याला लाल पटका, आणि दोन शब्द बोलला की धाप. उजव्या बाजूला छाती पाण्याने भरली होती. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं तर ते पिवळं निघायचं ते कोऱ्या चहासारखं निघालं. डॉक्टरांचा चेहरा तेव्हाच उतरला. चाळीस वर्षांच्या विड्या, तांबूस पाणी. त्यांना कॅन्सरची शंका आली. तसं असेल तर मुंबईला जावं लागेल, आणि तिथेही फारसं काही हातात नाही, हे त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवून सांगितलं. टीबी निघाला तर मात्र इथेच इंजेक्शनं-गोळ्या, दीड वर्ष लागेल, पण माणूस बरा होईल.

हेड्याने मुंबईचं नाव निघताच मान हलवली. त्याचा थोरला भाऊ असाच मुंबईला गेला होता आणि परत आला नव्हता.  बायको उठून माझ्या खोलीच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने मला विचारलं, "भाऊसाहेब, तपासनी तुमीच करता ना? टीबीच निघू द्या." मी म्हटलं, बाई, ते माझ्या हातात आहे का. तर म्हणाली की तिने शिंगणापूरला बोलून ठेवलं आहे. टीबी निघाला तर त्यानंतरच्या शनिवारी नवऱ्याच्या हातून तेल वाहीन.

पुन्हा पाणी काढून ती तपासणी करायची ठरली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आता माझं शहाणपण ऐका. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आम्ही दवाखान्यातही हत्यारांची पूजा करायचो. डॉक्टरांच्या सुऱ्या-कात्र्या, माझा मायक्रोस्कोप, रंग मोजायचा कलरिमीटर, सगळ्यांना गंध-फूल. त्या वर्षी मावशी तांब्यात गोमूत्र घेऊन आली. म्हणाली, वरीसभर ह्यास्नी थुकी लागली, रगत लागलं, मेल्या मानसाचं पानी लागलं. नुसत्या फुलांनी काय हुतंय, आधी शुद्ध करा. मी भिक्षुकाच्या घरात वाढलेला. घरात सोयर-सुतक फिटलं की वडील असंच आंब्याच्या पानाने शिंपडायचे. माझा हात आपसूक तांब्यात गेला. यंत्रांवर शिंपडलं, टेबलावर शिंपडलं, ट्रेमध्ये धुऊन सुकत ठेवलेल्या नळ्यांवरही शिंपडलं. मंत्रसुद्धा म्हटला. वडिलांची आठवण आली, जरा बरं वाटलं आणि मी कुलूप लावून घरी गेलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर ही गर्दी. सुट्टीचं साचलेलं सगळं काम माझ्या टेबलावर. हेड्याच्या पाण्याची बाटली आली तेव्हा माझी पाठ धरली होती आणि डोळे चुरचुरत होते. ट्रेमधल्या नळ्या स्वच्छ दिसत होत्या. धुतलेल्याच आहेत, आता परत तीनदा कशाला खंगाळा, असं म्हणून मी त्या तशाच घेतल्या. तुलनेसाठी नुसत्या पाण्याची एक नळी लावायची असते. ती मात्र खणातली, नवी कोरी घेतली, कारण ती हाताशी होती. देवाला जणू मला पुरतं बुडवायचंच होतं.

तासाभराने बघतो तो हेड्याच्या नळ्या निळ्याशार. पाण्याची नळी पांढरी. यंत्रावर आकडा बघितला आणि मी खुर्चीतून उठलोच. निकाल आधी डॉक्टरांना सांगायचा, हा नियम. पण दारात ती बाई उभी होती, सकाळपासून उभी होती. मी तिला सांगून टाकलं की टीबीच आहे. तिने तिथेच उंबऱ्यावर डोकं टेकलं. मग भरभरून विचारायला लागली, खायला काय घालू, काय नको. आम्ही टीबीच्या घरच्यांना सांगायचो तेच मी सांगितलं: दूध, अंडी, शेंगदाणे-गूळ द्या, गोळ्या चुकवू नका, आणि त्यांचं ताट-वाटी-पेला वेगळा ठेवा. ती हसली. "ताट काय घिऊन बसलाव, म्हनाल तर चूल येगळी मांडते." एवढी खूश बाई मी त्या बाकावर कधी बघितली नव्हती. डॉक्टरांनी आकडा पाहिला, दोनदा पाहिला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि औषधं लिहून दिली. तांबूस पाण्याची शंका म्हणून एक बाटली त्यांनी पुण्याला पाठवलीच होती, पेशी बघायला. पण त्या दिवशी तिची कुणाला आठवण नव्हती.

पाच दिवसांनी एका म्हाताऱ्याचं पाणी आलं. हृदय थकलेला माणूस, पाय सुजलेले, पाणी अगदी नितळ. तपासणी नुसती रीत म्हणून केली. नळी निळी झाली. मी म्हटलं, हे कसं? पुन्हा केली, पुन्हा निळी. मग ट्रेमधल्या दुसऱ्या एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालून केली. तीही निळी. ट्रे उचलून उजेडात धरला तर काठाला हळदीचा डाग आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली. नाकाजवळ नेला. आणखी काही बघायची गरज राहिली नाही.

झक मारली आणि पूजा केली, असं मी मोठ्याने म्हणालो. मावशी नळ्या धुवायला आली होती, ती घाबरली. तिला समजावून सांगितलं तर रडायलाच लागली. तांब्या तिने आणला होता ना. पण शिंपडलं मी होतं, आणि अमोनिया कशात असतो हे तिला नाही, मला शिकवलं होतं. शिकलेल्या माणसाने केलेला मूर्खपणा धुऊन जात नाही. नळ्या तीनदा खंगाळायला पाच मिनिटं लागली असती. पाच मिनिटांचा मला कंटाळा आला होता.

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "निकाल तुम्ही सांगितलात ना? आता तुम्हीच जाऊन त्यांना घेऊन या." दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, घोडेगावचा बाजार. नेवासा फाट्यावर एस.टी. बदलून मी दुपारी पोचलो. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, ती उतरल्याबरोबर विसरलो.

दुष्काळात विकून टाकलेली दावण लोक पुन्हा भरत होते, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. हेडी मला लांबूनच दिसला. एका शेतकऱ्याचा हात उपरण्याखाली धरून उभा होता. तिकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात, किती बोटं धरली त्यावरून किंमत ठरते आणि बाजूच्याला पत्ता लागत नाही. सौदा उरकून तो माझ्याकडे आला. चेहऱ्यावर तजेला होता. मला ओढतच लिंबाखाली नेलं. बायको भाकरी सोडत होती. तिने मला बघितलं आणि आधी पिशवीतून नवंकोरं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, ताट काढून दाखवलं. "तुमी सांगितल्यापरमानं येगळं केलंय बगा," असं म्हणून तिने त्याची भाकरी त्या ताटात वाढली आणि स्वतःची फडक्यावर घेतली. मला तोंड वर करवेना.

तिच्यापासून दहा पावलं बाजूला नेऊन मी त्याला सगळं सांगितलं. गोमूत्र, नळ्या, माझा आळस, काही लपवलं नाही. तपासणी खोटी झाली, पुन्हा पाणी काढावं लागेल, असं सांगितलं. तो रागावला नाही. जनावर विकत घेताना दात बघावेत तसा माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं.

"मंडळी हितंच हाय. तोंडानं बोलू नका," तो म्हणाला. "चार बोटं म्हंजी सोळा आने टीबी. किती धरता, धरा."

मला काय ठाऊक असणार. तपासणीवाचून मी सांगणार तरी काय. पण डॉक्टरांचा उतरलेला चेहरा मला ठाऊक होता. मी त्याची दोन बोटं धरली.

 त्याने माझ्या हातातून हळूच एक बोट सोडवून घेतलं. "हात गार पडलाय तुमचा," तो म्हणाला. "तीस वरसं हेच करतोय मी, भाऊसाहेब."

सोमवारी दोघं आले. पुन्हा पाणी काढलं. या वेळी नळ्या आम्लात बुडवल्या, तीनदा नाही, सहादा खंगाळल्या, शेजारी शुद्ध पाण्याच्या दोन नळ्या लावल्या. बायको दारात उभीच होती. तिला एवढंच सांगितलं होतं की छातीत पाणी पुन्हा साठलंय, ते काढून टाकायचं आहे. तासभर मी त्या नळ्यांकडे बघत बसलो. निळं हो, निळं हो, असं म्हणत होतो. माझ्या तोंडूनही शेवटी तोच नवस निघाला. हेड्याची नळी शेवटपर्यंत पाण्याच्या नळीसारखीच राहिली. त्याच दुपारी पुण्याचं पत्र आलं. त्या बाटलीत कॅन्सरच्या पेशी होत्या.

डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून सांगितलं, मी कोपऱ्यात उभा होतो. मुंबईला जाऊन बघा, मी चिठ्ठी देतो, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि नको म्हणाला. मग एकच मागितलं: बायकोला सांगू नका. "तिनं तेल घातलंय देवाला. दिवाळीपत्तूर मला टीबीच राहू द्या." डॉक्टरांना ते पटलं नाही. पण रोग्याने तोंड बंद ठेवायला सांगितल्यावर ते तरी काय करणार. गोळ्या तशाच चालू ठेवल्या, धाप लागली की पाणी काढायचं ठरलं. दिवाळी आली आणि गेली, तरी तो काही बोलला नाही. बाई दर पंधरवड्याला गोळ्या न्यायला यायची, मला शेंगदाण्याचे लाडू आणायची. ते लाडू मी मावशीला देऊन टाकायचो. 

पौषात तो गेला. होळीच्या सुमाराला एक दिवस दुपारी ती दारात उभी. कपाळ मोकळं. हातात तेच जर्मनचं ताट, फडक्यात बांधलेलं, आणि त्यात उरलेल्या गोळ्या. गोळ्या दुसऱ्या कुणाला द्या म्हणाली, आणि ताट दवाखान्यात ठेवा, कुणाला लागेल. मी तिला बाकावर बसवलं. आता बोलायलाच हवं होतं. मी कसंबसं सुरू केलं की बाई, माझी एक मोठी चूक झाली, त्यांना टीबी नव्हता.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"कुनी कशाला सांगंल. दुसऱ्यांदा पानी काडून आलो ना, त्या सांजंला ह्यांनी हे ताट बाजूला सारलं. माज्याच ताटात जेवाया बसले. म्हनले, आता चालतंय, डाक्टरनी सांगितलंय." मग तिनेच मला विचारलं, "टीबीवाल्याला डाक्टर असं सांगंल व्हय?"

मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत, असं मी म्हटलं. 

"त्यास्नी वाटत हुतं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तेवढ्यावर त्यांचा घास गिळत हुता. मग मी कशाला बोलू? गोळ्या न्यायला येत ऱ्हायले."

तिला साडेतीनची एस.टी. गाठायची होती. ती गेल्यावर मी ताट फडक्यातून काढलं. आठ-दहा दिवसच वापरलेलं, तळाला एक चरासुद्धा उमटला नव्हता. मावशीने ते घासलं, पुसलं आणि वॉर्डातल्या फळीवर इतर ताटांच्या वर ठेवलं. बाहेर बाकावर माणसं वाट बघत होती, आणि मी पुढची बाटली उघडली.